लाल भोपळ्याचे काप

सुनेला डोहाळे लागले ते नेमके प्रोशुत्तोचे. इतर बायकांना आंबटचिंबट आठवतं, हिला डुकराची मांडी आठवली, आणि तीही मिठात मुरवून वर्षभर हवेत टांगलेली. आता यात तिचा दोष तरी किती? एका मोठ्या दुकानातल्या थंड काउंटरमागे उभी राहून ती दिवसभर या इटालियन मांसाचे काप काढायची. यंत्राच्या पात्यावरून काप उतरायचा, की तो हातावर अलगद झेलून कागदावर ठेवायचा, वर दुसरा कागद, मग दुसरा काप. संध्याकाळी घरी निघण्याआधी उरलासुरला तुकडा दुकानातल्याच पास्त्यावर घालून खायचा, ही तिची वर्षानुवर्षांची चैन होती.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत ही चैन बंद केली. बाळंत होईपर्यंत असलं कच्चं मांस तोंडात घालायचं नाही, म्हणाल्या, जंतूंची भीती असते. पुढे रक्तदाब चढला तेव्हा शिजवूनही नको झालं, शिवाय घरच्या जेवणातलं मीठही बेताचं झालं. सुनेनं सगळं खाली मान घालून ऐकलं. याआधी दोनदा पदरी निराशा आली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी एका पायावर उभं राहायला सांगितलं असतं तरी ती राहिली असती.

सासूबाईंनी जन्मात मांस खाल्लं नव्हतं. घराच्या उंबऱ्याच्या आत ते येऊ नये, बाहेर कुणी काय खातं ते आपण विचारू नये, असा त्यांचा सरळ हिशोब. सून काउंटरवर खाऊन, हात धुऊन, कपडे बदलून घरी यायची. दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण गूळपीठही जमलं नव्हतं.

सासूबाईंची सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात गेली होती. काम एकच, रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, समुद्रासारखा निळा द्या. सासूबाई म्हणायच्या, चिंधी आणा. लोक चिडायचे, हातवारे करायचे, समुद्राचं वर्णन करायचे. बाई ढिम्म. नमुना समोर आल्याशिवाय त्यांनी रंगाच्या डब्यात कधी काठी बुडवली नाही, आणि एकदा काठी बुडवली की त्यांचा रंग चुकला असंही कुणी म्हटलं नाही.

तर एका संध्याकाळी सून घरी आली ती पायातले बूटही न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. सासूबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. सुनेला वाटलं होतं, या बाईसमोर डुकराच्या मांसाचं नाव काढणं म्हणजे आगीशी खेळ. पण रडू आवरेना, आणि रडता रडता सगळं बाहेर पडलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. यंत्रावरून उतरलेला काप हातात होता. तो कधी ओठांपाशी गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. तेवढ्यात काउंटरवरच्या जोडीदारणीनं हाक मारली म्हणून वाचली.

"आई, उद्या कुणी हाक मारली नाही तर?" ती म्हणाली.

तिनं वरिष्ठांकडे पावाच्या विभागात बदली मागितली होती. बघू, असं उत्तर मिळालं होतं, आणि त्या 'बघू'चा अर्थ नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. काम सोडणं परवडण्यासारखं नव्हतं.

सासूबाईंनी हात धुतले, पाणी आणून दिलं, आणि समोरच्या स्टुलावर बसून विचारलं, "कसं लागतं ते?"

सुनेनं नाक पुसलं. खारट, ती म्हणाली. खूप खारट. आणि जरासं धुरकट.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. सासूबाईंनी वांग्याच्या पट्ट्या गॅसवर धरून करपवल्या. मश्रूम वाळवून तेलात कुरकुरीत केले. टोमॅटो ओव्हनमध्ये इतके सुकवले की त्यांची वहाण शिवता आली असती. मीठ घालायची सोय नाही म्हणून लिंबाच्या रसानं खारटपणाची हूल द्यायचा प्रयत्न केला. घरात धूर एवढा कोंडला, की शेजारच्यांनी एकदा घाबरून दार वाजवलं. रोज पास्ता, रोज त्यावर नवं काहीतरी. नवऱ्याच्या मताला काही अर्थ नव्हता. त्याला सगळंच छान लागायचं, पुठ्ठा वाढला असता तरी त्यानं तो छान म्हणून संपवला असता.

सून मुकाट्यानं खायची, चांगलं झालंय म्हणायची. सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि ताटली उचलायच्या. चेहरा वाचायला काय लागतं? डोहाळे जिथल्या तिथे होते. काउंटरवर सून आता हातमोजे दोन-दोन घालायची आणि श्वास तोंडानं घ्यायची.

मग अचानक प्रयोग थांबले. चार-पाच दिवस साधं वरणभाताचं जेवण झालं, पास्त्याचं नावही नाही. सासूबाईंनी हात टेकले, सुनेला वाटलं. तिला राग आला नाही. कोण कुणासाठी एवढं करतं, हेच तिच्या मनात आलं, आणि आपण या बाईंशी इतकी वर्षं पाहुण्यासारखं वागलो याची तिला लाज वाटली.

रविवारी दुपारी सासूबाईंनी तिच्यासमोर ताटली ठेवली. पास्त्यावर केशरी रंगाचे तलम काप पसरले होते, कडेला किंचित दुमडलेले, अगदी यंत्रावरून उतरल्यासारखे. लाल भोपळा होता तो. सालकाढणीनं त्याच्या लांब पट्ट्या काढल्या होत्या, वाळलेले मश्रूम भिजवलेल्या पाण्यात बुडवून मंद आचेच्या ओव्हनमध्ये अर्धवट सुकवल्या होत्या, आणि आक्रोड घालून तांबूस केलेलं लोणी त्यांना हातानं चोळलं होतं. धूर नाही, लिंबू नाही. मिठाचे मोजके कण तेवढे अगदी शेवटी वरून टाकलेले.

सुनेनं एक काप जिभेवर ठेवला. लोणी विरघळलं. मग भोपळ्याचा गोडवा आला, मागून आक्रोडाचा खमंगपणा, आणि गिळता गिळता मीठ. तिनं डोळे मिटले. मांस नव्हतं ते, हे जिभेला कळत होतं, पण इतके महिने आत जे वखवखत होतं ते पहिल्यांदाच गप्प बसलं. तिनं ताटली चाटूनपुसून साफ केली.

"हे कसं जमलं, आई?"

सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून ओव्हनची जाळी घासत होत्या. "अगं, तू सांगितलेलंच चुकीचं होतं. खारट कुठे असतं ते? धूर तर औषधालाही नाही. आधी चरबी विरघळते, मग गोड लागतं. मीठ शेवटी येतं, तेही—"

जाळी घासणारा हात थांबला. नळ नुसताच वाहत राहिला.

सुनेनं उठून नळ बंद केला. मग सासूबाईंनी जे होतं ते सांगून टाकलं. सुनेच्या दुकानात बभ्रा नको, म्हणून त्या दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या. प्रोशुत्तोचे दोन काप घेतले, आणि बाहेरच्या बाकावर बसून खाल्ले. पहिला काप भीतीतच गेला, त्या म्हणाल्या, दुसरा कामाला आला.

"तुम्ही? मांस?"

"नमुना नव्हता ना माझ्याकडे. नुसत्या वर्णनावर कुठे रंग जुळतो?"

सुनेच्या स्वतःच्या आईनंसुद्धा तिच्यासाठी एवढं केलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तिनं सासूबाईंचा ओला हात तसाच हातात धरला. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि सासूबाईंनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. मग सुनेनं भीत भीत विचारलं, "फार किळस आली का हो?"

सासूबाई खुर्चीत बसल्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "आवडलं. हीच तर पंचाईत झालीये."

दोघी इतक्या हसल्या की नवरा आतून काय झालं म्हणून बघायला आला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यालाही भोपळ्याचा उरलेला एक काप मिळाला. छान आहे, तो म्हणाला.

त्यानंतर सून काउंटरवर निर्धास्त उभी राहू लागली. डब्यात भोपळ्याचे काप असायचे. घरी सासूबाई स्वतःच्या ताटलीतही चार काप वाढून घेऊ लागल्या, आणि ते का, हे फक्त सुनेला माहीत होतं. पावाच्या विभागातली बदली शेवटपर्यंत झाली नाही.

मुलगी झाली, दिवस पूर्ण भरून, खणखणीत आवाजाची. रक्तदाब उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी खाण्यावरची बंधनं उठवली, तेव्हा नवरा मोठ्या कौतुकानं प्रोशुत्तोचं पुडकं घेऊन दवाखान्यात आला. सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर नात झोपली होती.

"खा," सासूबाई म्हणाल्या.

तिनं एक काप जिभेवर ठेवला आणि या वेळी घाई केली नाही. आधी चरबी विरघळली. मग गोड लागलं. मीठ शेवटी आलं. इतकी वर्षं ती हे कापत होती, खात होती, आणि चव कळली ती आज, दुसरीनं सांगितल्यावर.

"जुळला होता का?" सासूबाईंनी विचारलं.

"जुळला होता," सून म्हणाली. "मीठ तेवढं थोडं कमी होतं."

सासूबाईंनी नातीचं दुपटं सारखं केलं.

"ते हिच्यासाठी," त्या म्हणाल्या.