कूलरच्या पाण्याचा आळ

आधीच सांगून ठेवतो, मले कोणी टोकलेलं खपत नाई. वर्धा जिल्ह्यात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारा माणूस एकच, अन् तो मी, कैलास. गोड्या पाण्यातले मासे कोणीबी पाळते. इथून कुठल्याबी बाजूनं जा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाई. मे महिन्यात डांबर वितळते. तरी माह्या हाताखाली नारंगी पट्ट्याचे समुद्री मासे अन् मऊ प्रवाळ जिते राह्यतात. मंग मी जरा अकडून बोललो त लोकाइले मिरची कायले लागते?

दुकान माहं बोरगाव मेघेत. पण नाव झालं ते डॉ. आकांक्षा म्याडमच्या दवाखान्यातल्या टाकीमुळं. लहान पोट्ट्याइच्या दाताचा दवाखाना. पोट्टे मासे पाहत बसतात, रडायचं इसरून जातात. त्या टाकीचं समदं काम माह्याकडं.

यंदा मे महिन्यात त्या टाकीत तपकिरी शेवाळ आलं. वाळूवर, दगडावर, काचेवर. आज पुसलं की उद्या दुपारी परत हजर. म्याडम म्हणल्या, "कैलासभाऊ, पालक विचारतात, टाकी धूत नाही का कुणी?"

असं कोणी म्हणलं की माह्या डोक्शात सणक जाते. मी हप्त्यातून दोनदा पाणी बदलतो! फॉस्फेट शोषून घेणाऱ्या औषधाची पिशवी लावतो. माह्या तपासणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. इतकं स्वच्छ पाणी लोक पीत नाईत, बाप्पा!

तेवढ्यात मले टाकीच्या बाजूचा कूलर दिसला. सापडला चोर.

कूलर भरे कौशल्याबाई. अकरा वर्षांपासून, दवाखाना उघडला तेव्हापासून, झाडू-पोछा, कूलर, समदं तीच करे. रोज सकाळी बोअरचा पाइप खिडकीतून आत घ्यायचा अन् कूलर भरायचा. उन्हाळ्यात टाकीतलंबी पाणी उडते, रोज बोटभर कमी होते. ते मात्र मी ठेवलेल्या डब्यातल्या शुद्ध पाण्यानं भरायचं, असं तिले सांगून ठेवलं होतं. बोअरच्या पाण्यात सिलिका असते, वावरातल्या खताचं नायट्रेट असते. सिलिका पडली की तपकिरी भुकटीसारखं शेवाळ येते. म्हणजे बाईनं आळस केला, हातातला पाइपच टाकीत सोडला. मी ठरवून टाकलं.

"मी नाई टाकलं," कौशल्याबाई म्हणाली. "डब्यातलंच टाकलं. तूच दाखोलं तसं."

"मंग हे आभाळातून पडलं का?" पोट्टे, त्याइच्या माया, कंपाउंडर, समद्याइच्या देखत मी बोललो. "कामाचा कंटाळा आला असंल त घरी बसा बाई. मास्याइच्या जिवावर काऊन उठल्या?"

"तोंड सांभाळ, कैलास. तुह्या मायच्या वयाची आहो मी."

"मोठ्या वयात खोटं बोलाची सूट भेटते का?"

ती रडली नाई. डोळे लालभडक करून माह्याकडं पाहत राह्यली. मले वाटलं, पाहा कशी चोर त चोर, वर शिरजोर होऊन राह्यली.

त्याच हप्त्यात टाकीतल्या शेवाळ खाणाऱ्या तीन गोगलगाई मेल्या. मी त्या कागदावर मांडून म्याडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. म्हणलं, "एक त ही बाई राहीन, नाई त टाकी." म्याडमनं टाकी ठेवली.

साठीले टेकलेली बाई. तिले आता दुसरं कोण काम देते? हे मले तेव्हाबी समजत होतं. पण मी जिकलो होतो अन् मले मजा वाटली, खोटं कायले सांगू.

नवी बाई आली. कूलरबी मी दुसऱ्या खोलीत हलोला. अन् शेवाळ कमी होण्याऐवजी दुप्पट झालं. आता त्याचे धागे लोंबत होते, शेंबडासारखे, अन् धाग्यात हवेचे बुडबुडे. चौथी गोगलगाय उलटी पडली.

नागपूरले समुद्री मीठ विकणारा अश्विन आहे. त्याले फोटो धाडला. तो म्हणे, "भाऊ, बाटलीत हलवून पाह्यलं का?"

"तू मले शिकवशील का बे?" म्हणून मी फोन कापला. मंग दुकानाचं शटर अर्धं ओढून गुपचूप तेच केलं. शेवाळ बाटलीत घेतलं, जोरात हलोलं, फडक्यातून गाळलं अन् ते पाणी दिव्याखाली ठेवलं. साधं भुकटीचं शेवाळ असतं त खाली बसलं असतं. घंट्याभरात त्या पाण्यात परत धागे जमले.

म्हणजे हे डायनो नावाचं शेवाळ. ही जात येगळी, इखारी. गोगलगाई तिनंच मारल्या. अन् ही येते कवा? पाणी धू-धू धुतलं, नायट्रेट-फॉस्फेट पार शून्यावर नेलं, की दुसरं शेवाळ उपाशी मरते अन् हिले मैदान मोकळं भेटते. माह्या तपासणीच्या वहीत दोन महिने शून्यच शून्य होतं. बोअरचं पाणी रोज थोडंबी पडलं असतं त तिथं नायट्रेट दिसलं असतं. बाई खरी होती याचा पुरावा माह्याच अक्षरात होता, अन् मी तोच पुरावा फुशारकीनं दाखवत फिरलो होतो.

पण तोंड उघडलं का? नाई उघडलं. पाणी बदलणं बंद केलं. औषधाची पिशवी काढून फेकली. तीन दिवस टाकीवर काळं कापड टाकून अंधार केला. मंग नायट्रेटचे थेंब, मास्याइले दुप्पट खाणं, पाण्याच्या नळीवर जंतू मारणारा दिवा. दीड महिन्यात काच लख्ख, वाळू पांढरी.

म्याडम खूश. "तुमचं बरोबर होतं, कैलासभाऊ. कौशल्याबाई गेली आणि टाकी सुधारली."

मी मान हलोली. त्याची लाज मले आजबी वाटते.

चार दिवसांनी कौशल्याबाई दुकानात आली. तीन गिऱ्हाईकं उभी होती. तिनं पाण्याची बाटली काउंटरवर आपटली.

"दवाखान्याच्या बोअरचं आहे. तपास."

"बाई, मंग या..."

"आत्ता तपास! अकरा वर्षं कोणी मले खोटारडी म्हणलं नाई. तू म्हणलं. मले माहं काम वापस पाहिजे."

गिऱ्हाईकं माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. मी नळीत पाणी घेतलं, नायट्रेट तपासायचं औषध टाकलं. पाच मिनिटांत ते गुलाबी झालं, गडद.

"अन् टाकीचं कसं झालं होतं?"

"रंगच नाई आला."

"मंग?"

"तुम्ही नाई टाकलं. चूक माही होती."

"हे मले काऊन सांगून राह्यला? मले माहीतच होतं. तिले सांग. माह्यासमोर."

हे काम गेलं की जिल्ह्यात माह्या नावाची माती. तरी फोन लावला, स्पीकर चालू केला. म्हणलं, म्याडम, पाणी मीच जास्त बदललं, शेवाळ मले ओळखता आलं नाई, बाईनं काहीच केलं नव्हतं.

म्याडम म्हणल्या,

"बरं. पण टाकी आता ठीक आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. नवीन बाई छान रुळली आहे, आता पुन्हा घोळ नको. तुम्ही सोमवारी येताय ना?"

मी कौशल्याबाईकडं पाह्यलं. ती बाटलीचं झाकण लावत होती.

"सोमवारचं सांग नं तिले," ती म्हणाली. "तुहं काम थोडंच गेलं?"

"येतो, म्याडम," मी म्हणलं.