गाडीला न चढलेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. दचकू नका. आतून रिकामा असलो की आवाज जरा घुमतो, एवढंच.

नांदेडच्या एका तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला. पितळेचा जाड पत्रा, त्यावर दिवसभर ठोके, मग तोंडाला आटे आणि त्या आट्यांवर घट्ट बसणारं झाकण. वर धरायला कडी. घरात वापरायचा तांब्या उघड्या तोंडाचा असतो, त्याच्यावर फुलपात्र पालथं घालतात. माझं तोंड फिरकीनं बंद होतं, कारण मला प्रवासाला जायचं असतं. गाडी कितीही हिंदकळली तरी थेंब सांडू द्यायचा नाही, हा माझा धर्म.

मला मल्लम्मानं विकत घेतलं, लेकीच्या लग्नात द्यायला. लेक शिवकांता. "वाटेत कुणाच्या दारी पाणी मागायची पाळी येऊ न्हाई," असं म्हणत मल्लम्मानं मला लेकीच्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून शिवकांताबाई जिथं गेल्या तिथं मी गेलो.

जावई मलप्पा उस्मानाबादच्या कचेरीत कारकून. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला आणि कचेरीतली अर्धी टेबलं तिकडं निघाली, त्यांबरोबर मलप्पाही. शिवकांताबाई नांदेडला माहेरी होत्या, विरूपाक्ष वर्षाचा होता. मलप्पाचं पत्र आलं: लातूर रोडला उतरून एसटी धर, मी स्टँडवर उभा आहे.

बाईंनी फलाटावरची पाटी वाचली आणि उतरल्या. रोड म्हणजे लातुरातलाच एखादा रस्ता असेल, मग एसटी कशाला, मालक इथंच येतील, असं त्यांनी धरलं. लेकरू कडेवर, मी हातात, नजर नवऱ्याला शोधतेय. दुपार झाली, नवरा काही दिसेना. माझ्यातलं शेवटचं पाणी लेकराच्या ओठांना लावलं, तेव्हा फलाट झाडणारा माणूस जवळ आला.

"बाई, कुणाची वाट बघून राहिल्या?"

"मालकाची. लातूरला यायचं होतं न्हव का."

"हे लातूर न्हाई माय. हे लातूर रोड हाय. लातूर लई लांब हाय हितून."

त्या दिवसापासून आमच्या घरात 'रोड' या शब्दाला वेगळाच अर्थ आला. दिसायला तेच पण खरं ते नव्हे, ते रोड. आमटीत मीठ राहिलं की मलप्पा म्हणायचे, "आज आमटी रोड झाली." विरूपाक्ष गणितात काठावर पास झाला तेव्हा बाई म्हणाल्या, "पास न्हाई रे बाबा, हे पास रोड हाय."

पुढची पंधरा-वीस वर्षं माझी मजेची. नांदेडला जाणं, परळीला वैजनाथाला जाणं, कुणाची लग्नं, कुणाची बाळंतपणं. बाईंची लिंगपूजा झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही हा नेम, म्हणून गाडीतसुद्धा माझं पाणी आधी गळ्यातून तळहातावर घेतलेल्या लिंगाला आणि मग ओठाला. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. लोक बाटली पितात आणि खिडकीतून टाकून देतात. मला कुणी टाकलं नाही, पण फळीवर ठेवलं. एकदा वर ठेवलेल्या वस्तूला खाली घ्यायला फार मोठं कारण लागतं. मी वाट पाहायला शिकलो.

ते कारण यंदाच्या फेब्रुवारीत आलं. विरूपाक्ष आता जर्मनीत इंजिनियर आहे, बायको आणि आठ वर्षांची नीलांबिका तिकडंच. त्याचा फोन आला. मे महिन्यात त्याला बारा दिवसांची सुट्टी होती.

"आई, अप्पा, तुम्ही दोघं या. सगळे मिळून रेल्वेनं फिरू. फ्रँकफर्टहून पॅरिस, पॅरिसहून झुरिक, तिथून व्हिएन्ना. पुढची दोन वर्षं मला सुट्टी न्हाई. शुक्रवारी तिकिटं काढतो, तोवर हो का न्हाई ते सांगा."

मलप्पांनी लगेच सांगून टाकलं, "माझे गुडघे विमानात मावत न्हाईत." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पट्टी घेतली आणि रकाने आखले. गावाचं नाव, गाडीची वेळ, पोचण्याची वेळ. उभा जन्म कचेरीत काढलेला माणूस, त्याला रकान्याशिवाय चैन पडत नाही. फोन ताटाच्या कडेला उभा केला होता, पलीकडून विरूपाक्ष सांगत होता, इकडं मलप्पा लिहीत होते आणि बाई शेंगा सोलत होत्या. मी वरून ऐकत होतो.

"तेरा वाजून दहा मिनिटं," फोनमधून विरूपाक्ष म्हणाला.

"तेरा कुठं वाजत असतेत?" बाई म्हणाल्या.

"रेल्वेत वाजतेत. तू शेंगा सोल."

"सोमवार कुठं येतोय तेवढं बघा. माझे सोळा सोमवार चालू हायेत, मधी खंड नको."

मलप्पांनी पेन्सिल फिरवली. "एक सोमवार पॅरिसात, एक व्हिएन्नात."

"मग बेलाची पानं वाळवून डबीत न्यायला पाहिजेत," बाई म्हणाल्या. बोलल्या आणि हातातली शेंग अर्धी सोललेलीच खाली ठेवली. जायचं ठरलं नसताना डबी कुठून आली, हे त्यांच्याच ध्यानात आलं. मला मात्र तेवढं पुरलं. डबी निघणार म्हणजे मी निघणार.

मग त्यांनी विचारलं, "विरू, त्या पॅरिसात आपण जिथं उतरतो तिथूनच पुढची गाडी का? खुद्द तेच ठेसन, का तिथंबी रोड हाय?"

विरूपाक्ष मोठ्यानं हसला. "आई, हे युरोप हाय. इथं रोड-बिड नसतंय." त्याचं हसणं अर्ध्यात थांबलं. पलीकडून कॉम्प्युटरच्या बटणांची टकटक ऐकू आली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "अप्पा, खोडा ते. झुरिकची गाडी दुसऱ्याच स्टेशनवरून हाय, गावाच्या पार वेगळ्या भागात. मी तर पहिल्या स्टेशनच्या समोर खोली घेऊन ठेवली, अन् निघायला पंधरा मिनिटं धरली होती."

"बघा," मलप्पा म्हणाले, "इंजिनेर."

नीलांबिका मागून ओरडली, "अज्जी, तू पाहिजेसच! पप्पा आपल्याला हरवतील!"

बाई हसल्या, पदरानं डोळे पुसले. पण येते म्हणायच्या ऐवजी पुन्हा शेंगांना हात घातला. त्याचं कारण मला ठाऊक होतं, तुम्हालाही सांगतो. पाणी.

लातुरात नळ कोरडे होऊन किती दिवस झाले ते लोकांनी मोजायचं सोडलं होतं. गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. कधी येईल याचा नेम नाही. आला की पाइप धरायचा, पिंप भरायचं, पिंपातून घागरी, घागरीतून कळशा. हे सगळं बाईंच्या अंगावर. मलप्पांना घरात पाणी कुठल्या भांड्यात असतं हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. तहान लागली की ते 'पाणी' म्हणत आणि पाणी येई.

गुरुवारी बाईंनी फोन लावला आणि सांगितलं, "न्हाई जमायचं बाळा. तुम्ही तिघं फिरून या, मला फोटो धाडा." आवाज अगदी साधा ठेवला होता त्यांनी. फोन ठेवल्यावर त्या पिंपावरचं फडकं उगाच दोनदा घडी करत बसल्या.

शेजारची जोहरा तेव्हा ओट्यावर बसलेली होती. तिचा नवरा पाशामियाँ कल्हईवाला, तीस वर्षांचा शेजार. तिनं मलप्पांकडं वळून सरळ तोफ डागली.

"क्या भाईजान, तुम्ही म्हणता आम्ही नवा जिल्हा उभा केला. जिल्हा उभा केला अन् एक पाइप धरायला येईना?"

"अगं, येत कसं न्हाई..."

"मग धरा की! भाभी काय टँकरसंगट निकाह लावून आली का?"

बाई "अगं बाई, जोहरा!" म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. मलप्पा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

शुक्रवारी सकाळी टँकर आला. शिट्टी ऐकून बाई उठायच्या आत मलप्पा बाहेर गेले होते. कचेरीच्या काळातला पांढरा शर्ट अंगात तसाच. पाइप हातातून सुटला, अर्धं पाणी त्यांच्या अंगावर गेलं, गल्लीतल्या बाया ओरडल्या, "अहो सायेब, पिंपाला आंघोळ घाला, सोताला न्हाई!" पण पिंप भरलं. ओलेचिंब मलप्पा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "फोन लाव विरूला. अजून शुक्रवार सरला न्हाई."

"अन् तुमचं जेवण?"

"जोहराबाई हाय, खानावळ हाय. जा तू. मी म्हणतो म्हणून न्हाई. तुला जायचंय म्हणून जा."

संसाराच्या सदतीस वर्षांत त्यांनी असं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

मग घरात तयारी सुरू झाली. चैत्रात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. अख्खं गाव पाण्याची गाडी बघायला गेलं, मलप्पाही गेले. परत येऊन सांगायला लागले, वाघिणी म्हणजे पाण्याच्या टाकीचे डबे किती, पाइप कसे जोडले. बाई हात जोडून म्हणाल्या, "माणसं फिरायला गाडीत बसतेत, अन् आपल्याकडं पाणी बसून आलं. महादेवाची लीला." मला वाटलं, बघा, पाणी गाडीत बसतं ही माझी जुनीच विद्या.

बाईंनी मला फळीवरून काढलं. चिंचेनं घासलं. पाशामियाँनी कित्येक वर्षांनी माझ्यासाठी भाता लावला. निखाऱ्यावर मी तापलो, नवसागराचा धूर झाला, कथलाचा हात आतून फिरला आणि मी पुन्हा चांदीसारखा झालो.

"भाभी, आता विलायतेला न्या," पाशामियाँ म्हणाला. "कल्हई उडाली तर दाम परत."

मी पॅरिसला जाणार होतो, मंडळी. खिडकीशेजारच्या फळकुटावर उभा राहून डोंगर बघणार होतो. खोटं कशाला बोलू, मी स्वतःला तिथं पाहिलंसुद्धा होतं.

निघायच्या आदल्या दिवशी नीलांबिकेचा फोन आला. बाईंनी मला कॅमेऱ्यासमोर धरलं. "हे बघ, पाण्याची सोय."

"अज्जी, अगं इथं स्टेशनवर नळ असतो! कधीपण सोड, पाणी येतं. तेच पितात सगळे. तो नको आणू, जड हाय."

"कधीबी?" बाईंनी विचारलं. "रातदिस?"

"हो अज्जी."

बाईंनी फोन ठेवला. मग बॅगेत माझ्यासाठी केलेली जागा त्यांनी एका शालीनं भरून काढली. राग नाही आला मला. जिथं नळाला रातदिस पाणी आहे तिथं माझ्यासारख्यानं जायचं कशाला? पण काळीज पितळेचं असलं तरी त्यावर पोचा पडतोच.

विमानासाठी हैदराबादच्या गाडीला निघताना त्यांनी मला मलप्पांच्या हातात दिलं. "ह्याला रिकामा ठेवू नका. कुठं गेलात तर भरून संगती न्या. बाटलीचं पाणी गरम होतंय." तेवढंच बोलल्या. रिक्षा वळली.

त्या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. घरात आम्ही दोघंच. ते बोलत नाहीत, मला त्यांच्याशी बोलता येत नाही. टँकर येऊन गेला, आता पाइप सुटत नाही त्यांच्या हातातून. रोज सकाळी ते मला भरतात, फिरकी लावतात. पहिल्या दिवशी आटे उलटे फिरवत बसले होते, आता जमतं. भिंतीवर लावलेल्या त्या रकान्यांच्या पानावर गेलेल्या दिवसावर एक रेघ मारतात. रोज संध्याकाळी फोन वाजतो. बाई सांगतात, इथं नऊ वाजेपर्यंत ऊन असतंय, दिवा कधी लावावा तेच कळंना. मलप्पा फक्त म्हणतात, "हं. हं. चांगलं हाय." फोन बंद झाल्यावर मात्र हातात धरून बसतात.

आज दुपारी जोहरानं डबा आणून दिला. मलप्पांनी ताट घेतलं आणि सवयीनं दोन पेले मांडले. मला उचललं, फिरकी काढली, दोन्ही पेले भरले. मग समोरच्या रिकाम्या पाटाकडं त्यांचं लक्ष गेलं. भरलेलं पाणी ओतून द्यायचे हे दिवस नव्हेत. जेवण झालं, आपला पेला त्यांनी संपवला. मग दुसराही पेला उचलला आणि सावकाश, थांबत थांबत, तोही प्यायले.

तुमच्यापैकी कुणी त्या मुलखात असाल, आणि एखाद्या फलाटावरच्या नळाशी सुती पातळ नेसलेली, कपाळाला भस्म लावलेली बाई दिसली, नळ सोडून नुसती बघत उभी राहिलेली, तर एवढा निरोप द्या. म्हणावं, घरी पाणी भरलेलं आहे. सावकाश ये.