पेडल खाली गेलं होतं

बहिणीने दादाच्या गॅरेजातल्या बाकावर खोकं ठेवलं आणि झाकण उघडलं. आत दोन छोटे कॅमेरे, छपरावर चिकटवायची अँटेना, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी आणि ब्रेकचा दाब मोजणारा सेन्सर. गाडी ट्रॅकवर धावताना वेग किती होता, ब्रेक कुठे दाबला, किती जोरात दाबला, सगळं त्या डबीत चित्रासकट नोंदलं जाणार होतं.

"मला माझी चूक बघायचीय, दादा," ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी."

दादाने खोक्याचं झाकण परत लावलं.

ती दातांची डॉक्टर, पण घरात सगळ्यांची भिंगरी. चालायला लागली तेव्हापासून एका जागी ठरलीच नाही. सुट्टीच्या दिवशी जुनी छोटी गाडी घेऊन ट्रॅकवर जायची. शर्यत वगैरे नाही, नुसती घड्याळाशी झुंज. गाडीचं सगळं काम दादाच्या हातचं. दुसऱ्या कुणाला ती पान्हाही लावू देत नसे.

गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ टायरांच्या भिंतीवर गेली. भिंगरीचं खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात तिने दादाचा हात धरून सांगितलं होतं, "पेडल पार खालपर्यंत गेलं रे. ब्रेक लागलाच नाही."

आणि दादा म्हणाला होता, "घाबरल्यावर असंच वाटतं. तू उशिरा दाबलास."

खरं काय ते त्याला त्याच क्षणी आठवलं होतं. आदल्या दिवशी त्याने ब्रेकचं ऑइल बदललं होतं. मग प्रत्येक चाकाशी ब्रेकच्या नळीत अडकलेली हवा काढावी लागते, नाहीतर पेडल पोकळ जातं. तीन चाकांची काढून झाली, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि चौथं चाक राहून गेलं. रस्त्यावर ते जाणवलं नसतं. ट्रॅकवर ब्रेक तापले आणि दगा दिला. मोडकी गाडी गॅरेजात आल्यावर त्याने सगळ्यात आधी एकट्याने त्या चौथ्या चाकाची ब्रेकची नळी उघडली. हवेने फेसाळलेलं ऑइल बाटलीत उतरलं. ते त्याने कुणाला दाखवलं नाही.

तेव्हापासून आई लेकीच्या गाडीत बसत नव्हती. जावईबापू चारचौघांत म्हणायचे, "ब्रेक म्हणजे मधलं पेडल बरं का!" भिंगरीही सगळ्यांबरोबर हसायची. दादा तिथून उठून जायचा. खाई त्याला खवखवे.

कॅमेरे बसवायला सकाळ गेली. एक समोरचा रस्ता बघणारा, दुसरा तिने हट्टाने पायांवर रोखायला लावला. वायरी गालिच्याखालून नेल्या. सेन्सरसाठी मात्र ब्रेकची नळी उघडावी लागली, म्हणजे पुन्हा हवा काढणं आलं. भिंगरी सीटवर बसली, दादा चाकाशी वाकला.

"दाब. धरून ठेव. सोड."

चारही चाकं. प्रत्येक तीनतीनदा.

"किती वेळ रे? एवढ्यात मी चार दाढा काढते," ती वरून ओरडली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि निघालं ते एवढंच, "अजून एकदा दाब."

दुपारी ट्रॅकवर तिने दहा फेऱ्या मारल्या. मग दोघं लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर ब्रेकच्या दाबाची रेघ धावत होती. प्रत्येक वळणाच्या बरंच आधी त्या रेघेवर एक बारीकसा उंचवटा, आणि पुढे खरा डोंगर. पायांच्या चित्रात ते स्पष्ट दिसलं. सरळ रस्त्यावर भिंगरीचा पाय हळूच ब्रेकला शिवत होता, पेडल जागेवर आहे ना एवढंच बघत होता, आणि परत जात होता. दहाही फेऱ्या. एकही वळण सुटलं नव्हतं.

भिंगरीचा चेहरा लाल झाला. "हे मी करते? मला पत्ताच नाही. किती भित्री झालेय मी!"

दादाने तिच्या डोक्याची समजूत घातली होती, पण तिच्या पायाला काही ते पटलं नव्हतं.

"तू भित्री नाहीस," तो म्हणाला. "पेडल खरंच खाली गेलं होतं. एका चाकाची हवा काढायची राहिली होती. माझ्याकडून."

ती पडद्याकडेच बघत राहिली. "तुला कधी कळलं?"

"दवाखान्यात. तू सांगितलंस तेव्हाच."

"हवा राहते रे माणसाच्या हातून," ती म्हणाली. "पण मी तुझा हात धरून सांगत होते. आणि तू मलाच वेड्यात काढलंस."

तिने हेल्मेट उचललं. "आईला तू सांगायचं. आजच. मी सोबत येणार नाही."

आई इस्त्री करत होती. सगळं ऐकून तिने इस्त्रीची पिन काढली. "वर्षभर त्या पोरीला मी दाराशी उभं करून रिक्षाने गेले," एवढंच म्हणाली आणि त्याच्यादेखत लेकीला फोन लावला, "उद्या मला डोळे तपासायला जायचंय. तू नेशील का गं?" जावईबापूंना त्याने फोनवर सांगितलं. मधल्या पेडलचा विनोद त्यानंतर त्यांनी केला नाही.

दीड महिना भिंगरीने दादाला फोन केला नाही. गाडी तिने दुसऱ्या गॅरेजात नेल्याचं आईकडून कळलं. त्याला ते लागलं, पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

मग एक दिवस ती गाडी घेऊन आली. पायांवर रोखलेला कॅमेरा सैल झाला होता, चित्र थरथरत होतं. दादा स्टिअरिंगखाली शिरून स्क्रू आवळत असताना ती हाताची घडी घालून उभी होती.

"ब्रेक बघू का एकदा?" त्याने खालूनच विचारलं.

"नको. ते त्यांनी बघितलेत."

"बरं."

त्याने कॅमेरा घट्ट केला, हलवून बघितला, आणि तिलाही हलवून बघायला सांगितलं. तिने वाकून दोनदा हलवून पाहिला.