दिशाच्या वेण्या आणि माझे हिरवे दिवे

मी एक जुना राउटर आहे. शेवगावच्या पूर्वेकडे एका वस्तीवर, गहिनीनाथ आबांच्या घरातल्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. आता मला वायर नाही. पण मित्रांनो, एके काळी माझा काय थाट होता!

आबांचा मुलगा बजरंग, त्याने मला ऊसतोडीला निघण्याआधी आणलं. तो आणि त्याची बायको पंकजा दिवाळीनंतर फडावर जात आणि त्यांची लेक दिशा शाळेसाठी आबांजवळ राही. आबांकडे साधा बटणांचा फोन, म्हणून बजरंगने ओट्यावर कॅमेरा लावला. फडावरून पंकजाचा मोबाईल इंटरनेटवर थेट माझा पत्ता शोधत येई आणि मी तिला घरचा ओटा दाखवी.

रोज सकाळी आबा थरथरत्या बोटांनी दिशाच्या वेण्या घालत. मग ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राही. लगेच फोन वाजे. आबांचा फोन कायम स्पीकरवर.

"आबा, डावी येनी सैल झालीया."

"मग तूच यिऊन घाल की!" आबा म्हणत, आणि वेणी सोडून पुन्हा घालत. मायलेकींची ती भेट माझ्यातून होत होती. मला त्याचा केवढा अभिमान!

पुढे शेवगावच्या अंगदकडची, म्हणजे आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्याची, गिऱ्हाइकं वाढली. जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेनात. त्याने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला. आतून बाहेर जाता येई, पण बाहेरून येणाऱ्याला नेमकं घर सापडेना. पंकजाचा मोबाईल जणू वेशीवरूनच परत फिरू लागला. अंगद काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले होते, घरटी वेगळा देता येईल इतके. ते त्याने आधी बाजारपेठेत दिले, मग एकेक गाव करत तो आमच्या वस्तीवर आला.

"आबा, ह्या डब्याला नवा पत्ता कळत न्हाई. बदलावा लागंल."

"पोरानं आनलाय त्यो. अन् दिवं तर लागत्यात की!"

दिवे लागत होते, मित्रांनो, आणि माझा जीव तुटत होता. दिशा रोज पाठ करून उभी राही आणि ते चित्र माझ्यापाशीच अडून राही. तोंड असतं तर ओरडलो असतो, की काढा मला! पंकजा मात्र फोनवर म्हणे, "लई झ्याक झाल्यात येन्या." लेकीचं मन तिला मोडवत नव्हतं.

एकदा दिशाच्या डोक्यात उवा झाल्या. आबांनी वैतागून तिचे केस मानेपर्यंत कापले. आई रागावेल म्हणून ती भीतभीतच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. फोन वाजला.

"आज तर दोन्ही येन्या सारख्या आल्यात गं बाई!"

दिशाने मानेजवळच्या आखूड केसांवरून हात फिरवला. फोन ठेवून म्हणाली, "आबा, मी आईला दिसतच न्हाई."

आबा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने माझी वायर उपसली, धोतराच्या सोग्याने मला पुसलं आणि अंगदला बोलावणं धाडलं. त्याने नवा राउटर बसवला, कॅमेरा जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"अगं, क्यास कुठं गेलं? आबा, काय केलं वो माज्या लेकीचं?" पंकजा ओरडत होती आणि ओरडता ओरडता रडत होती. दिशा ओट्यावर नाचत होती. शिव्या खाऊन इतकं खूश झालेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

आता तिचे केस खांद्याला टेकलेत. वेण्या पुन्हा सुरू होतील आणि दुसऱ्याच कुणाच्या वायरीतून आईकडे जातील. एकदाच, फक्त एकदाच ती वेणी माझ्यातून जावी, असं फार वाटतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू जरूर जपा, अधूनमधून धूळ पुसा. पण दिवे लागलेले दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. पलीकडच्या माणसाला आपण दिसतोय का, तेवढं मात्र विचारत जा.