सॉसेजचा उलटा पीळ

थोरल्या बाईंनी फ्रिजमधून सॉसेजची परात बाहेर काढली आणि त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. पीळ उलटे होते.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. दोन सॉसेजच्या मध्ये आतड्याला जो पीळ देतात, तो बाई उजव्या हातानं, अंगापासून लांब असा देत. आयुष्यभर तसाच. आज परातीतली अख्खी माळ दुसऱ्या अंगाला वळलेली होती. आणि या घरात डावखुरं माणूस एकच. सून.

म्हणजे बाईंनी भरलेलं सॉसेज कुणीतरी उसवलं होतं आणि पुन्हा भरून ठेवलं होतं. कुणीतरी कसलं, तिनंच.

बाई हाक मारणार होत्या, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं. चोर पकडायचा तर आधी मुद्देमाल बघावा. शिवाय आज दुपारी खाटीक जेवायला येणार होता, आणि हा काही साधा पाहुणचार नव्हता. बाईंचं सॉसेज तो आपल्या दुकानात विकायला ठेवणार होता, काचेच्या कपाटात, वर बाईंच्या नावाची पाटी लावून. फक्त म्हणाला होता, एकदा ताटात पडू दे, मग ठरवू. गल्लीतल्या बायका कशाकशात पुढे होत्या, कुणाची मुलगी परदेशी, कुणाचं घर तीन मजली. बाईंच्या नावावर हे सॉसेज सोडून काही नव्हतं. तेवढंच होतं, पण ते कुणाच्या बापाकडून आलेलं नव्हतं.

आणि याच खाटकानं मागच्या आठवड्यात दुकानात, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "काकू, तुमच्या सूनबाईंचा हात भारी चालतो हो सुरीवर." तेव्हा सून हसली होती. ते हसू बाईंना रुचलं नव्हतं.

काल सकाळी त्यांनी डुकराच्या पाठीचा लांबलचक तुकडा आणवला होता. मधला हाडासकटचा भाग जाड चॉप्ससाठी कापून ठेवला. दोन्ही टोकांचं मांस सॉसेजला. खाटीक दर वेळी हळहळायचा, "पाठीच्या मांसाचा खिमा करता? पाप लागेल काकू." बाई म्हणायच्या, "तू विकतोस, मी खाते, पाप अर्धं अर्धं." पण पाठीचं मांस पडलं कोरडं. त्यात नीट चरबी घातली नाही तर सॉसेज कसलं, खोडरबर. ते चरबीचं माप आणि त्यात पडणारी एक पूड बाई सगळ्यांकडे पाठ करून घालत. मग त्या खिम्याची टिकलीएवढी वडी तव्यावर भाजून चाखायची, तीही एकट्या बाईंनीच. हा घरचा कायदा होता. मग नरसाळ्यानं धुतलेल्या आतड्यात खिमा भरायचा, पीळ घालायचे आणि हवेचे फुगे दिसतील तिथे सुईनं टोचायचं. सुई बाईंच्या आईची, जुनी, काळी पडलेली. मुलानं नवीन आणून दिली होती, ती बाईंनी बटणं लावायला ठेवली.

आणि काल टोचून झाल्यावर ती सुईच नाहीशी झाली.

"घेतलीस ना?" बाई सुनेला म्हणाल्या होत्या. "बरेच दिवस डोळा होता तुझा."

"आई, मी कशाला घेऊ? गंजकी सुई ती."

"गंजकी? माझ्या आईची वस्तू गंजकी?" एवढं बोलून बाई तडक बहिणीकडे निघून गेल्या, ते दिवे लागल्यावर परतल्या. म्हणजे सबंध दुपारभर स्वयंपाकघर त्या डावखुरीच्या ताब्यात होतं.

आता बाईंनी माळेतलं एक सॉसेज कापून घेतलं आणि तव्यावर टाकलं. फुगलं, तडतडलं, तपकिरी झालं. बाईंनी चावून बघितलं. चव त्यांचीच होती. मिठाचा कणही इकडचा तिकडे नव्हता.

यानं त्यांचं समाधान व्हायच्या ऐवजी संशय दुप्पट झाला. मांस बदललं असतं तर कळलं असतं, मत्सर म्हणून सोडून दिलं असतं. पण जसंच्या तसं उसवून जसंच्या तसं भरायचं, हे कशासाठी? एकाच गोष्टीसाठी. आत काय आहे ते चिवडून, हुंगून, चाखून बघण्यासाठी. ती पूड ओळखण्यासाठी. मग पाटीवर नाव कुणाचं लागणार होतं, ते सांगायला ज्योतिषी नको.

सून आत आली. तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं बोटाला?"

"सुरी लागली."

"कांदा मी चिरला, मांस मी कापलं. तुला सुरी कुठे भेटली?"

"काकडी चिरत होते," ती म्हणाली आणि कचऱ्याच्या डब्याशी जाऊन वाकली. डबा रिकामा होता तरी तळाशी बघत राहिली.

"काय हरवलंय?"

"काही नाही, आई."

बाईंनी पुढे विचारलं नाही. जाड बुडाच्या पातेल्यात त्यांनी चॉप्स दोन्ही अंगांनी लालसर परतले, कांदा, लसूण, ठेचलेली मिरी आणि जरासं व्हिनेगर घातलं, झाकण लावून वर वरवंटा ठेवला आणि आच अगदी मरतुकडी केली. चॉप्सना घाई चालत नाही. हाडाला धरून बसलेलं मांस आपणहून सुटायला हवं. बाई स्टूल ओढून पातेल्यापाशी पहाऱ्यावर बसल्या. तिथून स्वयंपाकघरातलं सगळं दिसत होतं. निथळत ठेवलेल्या भांड्यांत, डाव आणि झाऱ्याच्या मध्ये, फ्रिजच्या दारावरचं माशाच्या आकाराचं लोहचुंबक पडलं होतं. धुतलेलं.

लोहचुंबक कोण घासतं? या बाईचं डोकं ठिकाणावर आहे का?

मुलगा डोकावला. "आई, वास काय सुटलाय!"

"वास सगळ्यालाच सुटलाय. तुझ्या बायकोला विचार काल दुपारी काय चाललं होतं."

"मी ऑफिसात होतो."

"तू नेहमीच ऑफिसात असतोस. घरात असतोस तेव्हासुद्धा."

दुपारी खाटीक आला. धुतलेला शर्ट, तेल लावून बसवलेले केस. बाईंना तो एप्रनशिवाय ओळखू येईना. आल्या आल्या सुनेला म्हणाला, "काय सूनबाई, सगळं ठीक ना?" आणि सून त्याच्याकडे न बघता "हो" म्हणाली. बाईंनी ते "हो" गाठीला बांधून ठेवलं.

चॉप्स वाढले. खाटकानं चमचा लावला आणि मांस हाडावरून घसरलं. तो डोळे मिटून जेवला. "काकू, जनावर मी कापतो, पण त्याचं सोनं तुम्ही करता."

"तोंड भरलेलं असताना खरं बोलतोस," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः सॉसेजचं ताट आणून मधोमध ठेवलं. उलट्या पिळांचं. आता खाटकाला खाऊ द्यायचं, वाहवा ऐकायची, आणि मग त्याच्या समोरच सुनेला विचारायचं, ही माळ कुणी वळली ते सांग. खाटकाचा चेहरा बघितला की दोघांचं साटंलोटं कळेल. बाईंनी सगळं मनात लावून ठेवलं होतं. बसण्याआधी त्या एप्रन सोडायला लागल्या. कालचाच एप्रन. काठ हातात आला आणि अंगठ्याला काहीतरी लागलं.

काठाच्या दुमडीत सुई खोचलेली होती. हात तेलकट असताना घाईत तिथेच खोचली असणार. बाईंनी ती ओढून काढली. नेढ्याकडची बाजू हातात आली. टोकाकडची नव्हतीच. मधोमध मोडलेली होती.

सुई मोडली होती ती टोचताना. टोक आत राहिलं. त्या माळेत. सकाळी आपण एक कचाकचा चावून खाल्लं. आणि खाटकाच्या काट्यावर आत्ता तुकडा होता, तोंडाच्या वाटेवर.

गप्प राहिलं तर कदाचित काही होणार नाही. त्या एका तुकड्यात नसेलही. बोललं तर पाटी गेली. खाटीक हे गल्लीभर सांगणार, थोरल्या बाईंच्या सॉसेजमध्ये सुया निघतात.

"थांब!" बाई ओरडल्या. "खाली ठेव ते! कुणी खाऊ नका."

काटा हवेतच राहिला. मुलानं तोंडातला घास थुंकला. सून पटकन उठून बाईंच्या जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, "आईंना वाटतंय मीठ कमी पडलं." मग अगदी हळू, "खाऊ द्या त्यांना. टोक माझ्याकडे आहे."

तिनं काडेपेटी काढून अर्धवट उघडली. आत कापसावर काळं टोक होतं.

"काल परात झाकायला गेले तर बोटात घुसलं," सून कुजबुजली. "एवढंच सापडलं. उरलेली अर्धी कुठे आहे कळेना, म्हणून सगळं उसवलं. बोटांनी खिमा चाचपला, वर चुंबक फिरवलं, दोनदा. आत काही नाही याची खात्री केली, मगच भरलं. पण ही अर्धी सकाळपासून शोधतेय मी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाला असता?"

बाईंना ठाऊक होतं त्या काय म्हणाल्या असत्या. सुई चोरलीस आणि आता सॉसेजमध्ये घातलीस. अगदी याच शब्दांत म्हणाल्या असत्या, आणि वर आणखी चार.

"काकू," खाटीक म्हणाला, "मीठ तर बरोबर दिसतंय. खाऊ का?"

सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. वाट मोकळी करून ठेवली होती तिनं. नुसती मान हलवायची होती.

पण सुनेच्या उसन्या मिठावर पाटी लावून घ्यायची, हे बाईंच्या रक्तात नव्हतं.

"मीठ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "माझी सुई मोडली होती आत. मला कळलं नाही. हिला कळलं. हिनं अख्खी माळ उसवून, चुंबक फिरवून पुन्हा भरली. आता खायचं तर खा, नाहीतर पोळी खा."

खाटकानं काट्यावरच्या तुकड्याकडे बघितलं, सुनेच्या चिंधीकडे बघितलं. मग तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला, जरा जास्तच सावकाश.

"चव आहे," तो म्हणाला. "पण काकू, दुकानात ठेवायचं म्हणजे..."

"ती सुई संपली," बाई म्हणाल्या. "नवी आहे घरात. टोचायचं काम आजपासून हिचं. माझे डोळे गेलेत." हे त्यांनी आजवर डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं. "चुंबकाशिवाय एक सॉसेज घराबाहेर जाणार नाही."

खाटीक हसला. "आणि पाटीवर नाव?"

"माझंच. इतकी म्हातारी नाही झाले मी."

बाई खाली बसल्या. सुईचा तुकडा त्यांनी सुनेच्या काडेपेटीत टाकला आणि काडेपेटी मिटवली. सुनेनं त्यांच्या ताटात सॉसेज वाढलं. बाईंनी ते बोटात धरून पिळाचं टोक निरखलं.

"उलटं वळतेस," त्या म्हणाल्या.

"डावा हात आहे, आई."

"दिसतंय. उद्या शिकवते. आणि ती पूड कसली ते ओळखलंस का?"

"नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग एक घास तोडला. खोटं बोलत होती बया. पण चांगलं बोलत होती.