दादाला माझी मज्जा चालली नाही

दादाचे केस बाविसाव्या वर्षीच पांढरे झाले. तो शाळेत पोहायला शिकवायचा. पोरं त्याला 'आजोबा सर' म्हणायची. तोही काही कमी नव्हता. "आजोबांना हरवून दाखवा," म्हणत सूर मारायचा आणि सगळ्यांना मागे टाकायचा. आमच्या बाबांचे केसही असेच लवकर पिकलेले. पुढे फुप्फुसं आक्रसत गेली आणि पन्नाशीतच ते गेले. केसांचा आणि त्या आजाराचा काही संबंध असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

चौतिसाव्या वर्षी दादा जिना चढताना मध्येच थांबायला लागला. अंगावर निळे डाग उठायचे. रक्त तपासलं, तर सगळ्याच पेशी कमी. हाडांच्या आत रक्त तयार करणारी मज्जाच थकली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. "एका पेशीच्या दोन होताना तिच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. त्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. ती फार आखूड झाली की पेशी पुढे वाढतच नाही. टेलोमरेज नावाचं एन्झाइम ती झीज भरून काढतं. यांच्यात ते जन्मापासून अपुरं आहे. वडिलांनाही बहुधा तेच असणार."

"मग द्या की ते भरपूर!" आई म्हणाली.

"तसं देता येत नाही, मावशी. बहुतेक कॅन्सरच्या पेशी त्याच्याच जोरावर न थांबता वाढतात."

दुसऱ्या कुणाची तरी मज्जा मिळायला हवी होती. मी सख्खी बहीण, चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी, चांगली ठणठणीत. "माझी घ्या," मी म्हटलं.

दादा हसला. "लहानपणापासून माझी मज्जा बघत आलीस, आता स्वतःची देतेस होय!"

तपासणीत आमचं जुळलं. त्या दिवशी आई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी मला एकटीलाच बोलावलं. "तुम्ही केस कधीपासून रंगवता?"

मी रंगवते हे घरात कुणाला माहीत नव्हतं. "सव्विसाव्या वर्षापासून."

त्यांनी माझा अहवाल माझ्याकडे वळवला. "टोकं तुमचीही आखूड आहेत. तुमची मज्जा त्यांना पुरणार नाही. आणि तुम्हालाही आता जपायला हवं."

दादा खाटेवर बसून संत्रं सोलत होता. "माझी चालणार नाही म्हणे," मी म्हटलं.

"का? जुळली होती ना?"

मी भांग फाकवून केसांची पांढरी मुळं दाखवली. त्याचे हात थांबले. "तुलाही?"

मी मान हलवली. एवढ्या आजारपणात तो कधी रडला नव्हता, त्या दुपारी रडला. "मला वाटलं होतं, बाबांचं हे माझ्यापाशीच संपेल," तो म्हणाला. मग डोळे पुसून मला दटावलं, "एकही तपासणी चुकवायची नाही. समजलं?"

आईला आम्ही एवढंच सांगितलं, की माझी मज्जा पुरणार नाही. दोन महिन्यांनी एक अनोळखी दाता मिळाला. तारीखही ठरली. पण त्याआधीच दादाला रक्ताचा कॅन्सर झाला.

"टोकं संपत आलेल्या पेशींमधली एखादी बिघडते," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "ती टेलोमरेज पुन्हा सुरू करून घेऊ शकते. मग ती थांबत नाही."

आईने ऐकून घेतलं. "माझ्या लेकाला हवं होतं तेव्हा मिळालं नाही," ती म्हणाली, "आणि त्या मेलीला मिळालं?"

अकरा आठवड्यांनी दादा गेला.

माझ्यातही तेच आहे, हे आईला सांगायला मला आठ महिने लागले. ती वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं, हातातली घडी पुरी केली, मग विचारलं, "पुढची तपासणी कधी आहे?"

"मंगळवारी. अकराला."

"मी येते."

मंगळवारी सकाळी आठला मी उठून बाहेर आले, तर आई चपला घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेली होती.