ऑर्डेलच्या मैदानातला तिसऱ्या रांगेतला बाक

मी बाक बोलतोय. मला पाठ नाही, हात नाहीत. नुसती एक लांब फळी आणि खाली लोखंडी पाय. कॅन्ससच्या पश्चिमेला, जिकडे बघावं तिकडे गहूच गहू, त्यात ऑर्डेल नावाचं गाव. तिथल्या हायस्कूलच्या मैदानावर, प्रेक्षकांच्या पायऱ्यांमध्ये तिसऱ्या रांगेत माझी जागा.

जन्माने मी फरचं झाड. जंगलातले ते दिवस आता मला धड आठवत नाहीत. आठवतात ती माणसं. गावातल्या बाप्यांनी एका रविवारी चर्च सुटल्यावर येऊन मला इथे ठोकलं आणि निळा रंग दिला. रंग वाळायच्या आतच एक पोरगी येऊन बसली, तिच्या पांढऱ्या स्कर्टचं वाटोळं झालं आणि अख्खं गाव पोट धरून हसलं. तेव्हा गावात हसायलाही भरपूर माणसं होती.

इकडचा फुटबॉल लंबगोल. चेंडू कवटाळून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवं पाडायचं. मी आलो तेव्हा आमची अकरा पोरं मैदानात उतरायची आणि तेवढीच बाहेर नंबर लावून उभी असायची. पुढे शेतं मोठी झाली आणि माणसं कमी झाली. मग आठ जणांचा खेळ आला, मग सहा जणांचा. मैदानही आखूड करून घेतलं. लोक मात्र तेच. दर शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की ब्लँकेटं आणि थर्मास घेऊन माझ्यावर येऊन बसायचे.

वर्षातला मोठा दिवस होमकमिंगचा. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली पोरंबाळं त्या दिवशी शाळेच्या सामन्याला घरी यायची. दुपारी ट्रॅक्टरवरून मिरवणूक, शाळेच्या जेवणघरात चिली म्हणजे राजमा-मांसाची तिखट आमटी आणि दालचिनीचे गोड रोल, संध्याकाळी सामना, मध्यंतरात राजा-राणीची निवड. ज्या होमकमिंगची गोष्ट मला सांगायची आहे, ते शेवटचं होतं. पुढच्या वर्षी शाळा बंद होऊन पोरं शेजारच्या हॅस्केटच्या शाळेत जाणार, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. आणि सामना होता तो हॅस्केटशीच.

माझ्या मधोमध बसायची मार्लिस डेर्क्सन. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करणारी, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा रॉस वरच्या लाकडी खोलीत माईकवर असायचा. कोण पळाला, कोणी पाडला, ते तो गावाला ऐकवायचा. त्याचा आवाज गोड आणि भरदार होता. एकेकाळी तो इथेच खेळला होता आणि त्याचं नाव लोक अजून काढायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा टेट हा संघातला सातवा. सातवा आणि शेवटचा.

टेट त्या दिवशी खेळत नव्हता. आधीच्या एका सामन्यात त्याचं डोकं जमिनीवर आपटलं होतं. अंगावर शर्ट होता, हेल्मेट हातात होतं, पण तो रेषेबाहेर उभा होता.

"काय गं, पोराला अजून बसवूनच ठेवलंयस?" शेजारच्या अर्विला टेव्स म्हणाल्या. ऐंशीच्या पुढच्या या बाई एकेकाळी होमकमिंगची राणी झाल्या होत्या आणि ते त्या कोणाला विसरू देत नसत.

"हो."

"डॉक्टरने तर खेळायची परवानगी दिलीय म्हणे."

मार्लिसने मैदानावरची नजर काढली नाही. "डॉक्टरने कागदावर सही केली, अर्विलाबाई. तपासणीत काही दिसत नाही म्हणाला. मग आम्ही उठलो तेव्हा दाराशी येऊन हळूच म्हणाला, माझा मुलगा असता तर मी या वर्षी उतरवला नसता. आता यातलं कुठलं ऐकू?"

"तुला काय वाटतं?"

"डोकं आपटलं त्या रात्री त्याने मला तीनदा विचारलं, आजोबा जेवायला का आले नाहीत? आजोबांना जाऊन चार वर्षं झाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, येतीलच."

अर्विलाबाईंनी आपल्या ब्लँकेटचं टोक तिच्या गुडघ्यांवर ओढलं.

सामना सुरू झाला आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं ते घडायला लागलं. आमची पोरं जिंकायला लागली. हॅस्केटकडे धडधाकट वीस पोरं, आमची मोजून सहा. पण आमची पोरं पिसाटल्यासारखी पळत होती. रॉसचा आवाज वरून दणदणत होता. डेन्व्हरहून आलेले, विचिटाहून आलेले टक्कल पडलेले बाप्ये माझ्यावर उभे राहून नाचत होते. माझे जुने खिळे कुरकुरले, पण खरं सांगतो, मलाही त्या दिवशी बरं वाटत होतं.

"बघा रे बघा, हॅस्केटवाल्यांनो!" मागून एक जण ओरडला. "पुढच्या वर्षी हीच पोरं तुम्हाला मिळणारेत, नीट सांभाळा!"

"तुमच्यापेक्षा बरंच खायला घालू!" पलीकडून उत्तर आलं आणि दोन्हीकडचे लोक हसले.

मध्यंतरात राणीची निवड झाली. शेवटच्या वर्गात मुली दोनच होत्या. एकीला मुकुट मिळाला आणि दुसरीने तो तिच्या केसांत नीट बसवून दिला. दोघीही रडत होत्या.

सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना आमच्या फ्रीसन नावाच्या दांडग्या पोराचा पाय दोघांच्या खाली सापडला. त्याची किंकाळी तिसऱ्या रांगेपर्यंत आली. त्याला उचलून गाडीत घातलं. आम्ही सहा गुणांनी पुढे होतो आणि मैदानात पाच पोरं उरली होती.

कोच लोवेन कुंपणापाशी आला. भला माणूस. इतिहास शिकवायचा, शाळेची बसही चालवायचा. टोपी काढून त्याने खालून हाक मारली, "मार्लिस."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"पाच पोरांना मी त्यांच्यापुढे उभं करणार नाही," तो म्हणाला. "अजून एखाद्याचा पाय जाईल. टेट आला तर आम्ही पुढे खेळतो. नाही आला तर सामना इथेच थांबवतो. तू सांगशील तसं."

"मी का सांगू?" मार्लिस म्हणाली. "कोच तू आहेस."

"कागद माझ्याकडे आहे. त्याच्या जोरावर मी त्याला आत्ता आत पाठवू शकतो. पण तू नको म्हणाली होतीस. तुला डावलून नाही पाठवणार."

त्याच्यामागे टेट येऊन उभा राहिला. त्याने हेल्मेट छातीशी धरलं होतं. "आई, प्लीज. थोडाच वेळ उरलाय. मी लांब राहीन, मारामारीत जाणारच नाही."

"तू लांब राहणारा आहेस का?"

"आई, ही पोरं माझी आहेत गं. पुढच्या वर्षी काहीच नसणार. एवढं एकदा."

वरची लाकडी खोली उघडली आणि रॉस खाली आला. तो मार्लिसच्या शेजारी बसला. त्याचा हात माझ्या कडेवर होता. त्याने कड इतकी घट्ट धरली होती की बोटांतला ठोका मला कळत होता.

"डॉक्टरने हो म्हटलंय, मार्लिस," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"डॉक्टर काय म्हणाला ते तूही ऐकलंयस."

"मी नाही का खेळलो? तेव्हा तर कोणी तपासतही नव्हतं. दोनदा बेशुद्ध पडलो, पाणी मारलं की परत उभा."

"खेळलास. आणि हिवाळ्यात पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत उशी डोक्यावर घेऊन पडतोस, तेव्हा दाराबाहेर मी बसलेली असते."

रॉसने मान खाली घातली. म्हणाला, "तो आयुष्यभर माफ नाही करायचा तुला."

"माहितीये."

"गावही नाही करायचं."

"तेही माहितीये. रॉस, तू हो म्हण. तू बाप आहेस. तू हो म्हणालास तर मी अडवणार नाही. पण मग जे होईल ते तुझं."

मी वाट बघत होतो. सगळं मैदान वाट बघत होतं. रॉस उठला आणि पायऱ्या चढून आपल्या खोलीत निघून गेला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. तेवढं एक काम त्याने बायकोवर टाकलं.

मार्लिस उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. आवाज बसला होता, म्हणून तिला परत म्हणावं लागलं. "नाही जाणार तो."

टेटने तिच्याकडे बघितलं. तशी नजर मी त्या मैदानावर पाडलेल्यांच्याही डोळ्यांत बघितली नव्हती. त्याने हेल्मेट गवतावर ठेवलं, फेकलंसुद्धा नाही, आणि पाठ फिरवली.

थोड्या वेळाने भोंग्यातून रॉसचा आवाज आला. "मंडळी, ऑर्डेलचा संघ पुढे खेळू शकत नाही. सामना हॅस्केटला देण्यात येत आहे." मग नुसती खरखर. माईक बंद करायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही, त्यामुळे तो नाक शिंकरतोय तेही सगळ्यांना ऐकू आलं.

कोणी ओरडलं नाही. आमचे लोक ओरडणारे नव्हेत. त्यांनी ब्लँकेटं झटकली, थर्मासची टोपणं लावली आणि मार्लिसला वळसा घालून उतरले. एखाद्या खांबाला घालतात तसा वळसा. हॅस्केटच्या पोरांनीसुद्धा जल्लोष केला नाही. त्यांनी येऊन आमच्या पाच जणांचे हात हातात घेतले.

अर्विलाबाई सर्वांत शेवटी उठल्या. म्हणाल्या, "तू बरोबर केलंस, असं मला वाटतं. पण मार्लिस, मला ते आज चारचौघांत म्हणता यायचं नाही. माझा नातू त्या पाचांत आहे." आणि काठी टेकत निघून गेल्या. त्यांनी ते पुढेही कधी चारचौघांत म्हटलं नाही. ख्रिसमसच्या आधीच वारल्या.

टेट त्या दिवशी मित्राच्या गाडीतून गेला. मार्लिस एकटी बसून राहिली. ती रडली नाही. हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

त्यानंतर मैदानावर सामना झाला नाही. शाळेला कुलूप लागलं, रेषा पुसल्या, गवत गुडघ्याएवढं झालं. माझा निळा रंग पापुद्र्यांनी उडाला. गोगलगाई आणि चिमण्या सोडल्या तर माझ्याकडे येणारं एकच माणूस उरलं. मार्लिस. कामावरून सुटली की ती मैदानाला फेऱ्या मारते आणि दमली की माझ्यावर बसते. मी तिच्या वजनाला ओळखतो. दरवर्षी ती थोडी हलकी होत चाललीय.

मागे एकदा रॉसही बरोबर आला होता. दोघं दोन टोकांना बसले.

"फोन आला होता त्याचा," रॉस म्हणाला. टेट आता उत्तर डकोटात तेलाच्या विहिरींवर कामाला आहे, बापालाच तेवढा फोन करतो.

"बराय?"

"ठणठणीत. बढती मिळाली म्हणे."

"डोकं?"

"विचारलं मी. काहीच होत नाही म्हणाला. कधी दुखतसुद्धा नाही."

मार्लिस म्हणाली, "चांगलंय." मग फळीवरचा रंगाचा पापुद्रा खरवडत, "म्हणजे तेव्हाही काही झालं नसतं."

"कोण जाणे," रॉस म्हणाला.

"हो ना. आता कोण जाणे."

तिने पोराला वाचवलं की त्याच्या हातचं सर्वांत मोठं काही हिरावून घेतलं, हे तिला या जन्मी कळणार नाही. त्या दिवशी तो आत गेला असता आणि पडला असता, तर लोकांनी तिला जवळ घेतलं असतं. तो पडला नाही, धडधाकट आहे, म्हणून ती एकटी आहे. यातून सुटायची वाट मला तरी दिसत नाही. बाकाची अक्कल ती किती म्हणा. पण इतकी वर्षं माणसं अंगावर घेऊन बसलो, एवढं कळतं.

या आठवड्यात माणसं ट्रक घेऊन आलीत. पायऱ्या मोडून लोखंड भंगारात घालायचं आणि जमीन नांगरून गव्हाला द्यायची असं ठरलंय. वरच्या रांगा गेल्या. लाकडी खोली काल पाडली. फळ्या कुजक्या निघाल्या, त्यामुळे त्या पलीकडे जाळताहेत. उद्या सकाळी माझा नंबर.

मला जळायचं दुःख नाही. तुम्ही यातले कोणी असाल, हातात पहार असेल, तर माझं एवढंच ऐका. संध्याकाळी एक बाई इथे येईल. बसायला जागा नसली तरी ती जायची नाही, नांगरटीच्या कडेला उभीच राहील. वारा बोचरा सुटलाय. तिला कोणीतरी म्हणा, बाई, घरी जा. मला एवढी वर्षं ते कधी म्हणता आलं नाही.